निशीचा फळा

खालची वाडी,
ता. जि. रत्नागिरी
गुरुवार, २१ मे २०२६

चि. निशी हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. कुणी आजारी नाही. इकडे सगळं ठीक आहे आणि तूही ठीक असशील असं धरून चालतो, कारण रविवारच्या फोनवर तू ‘बरी आहे’ म्हणतेस, मी ‘बरा आहे’ म्हणतो, आणि जेवणाचं विचारून झालं की दोघंही फोन ठेवतो. धक्का बसला तर आपल्या पोस्टमनला बसेल. वाडीतून हाताने लिहिलेलं पत्र निघून त्याला दहा वर्षं तरी झाली असतील.

फोनवर बोलता आलं असतं, पण दगड तुला माहीत आहे. तुझा फळा उतरवून नेल्यापासून सगळी वाडी परत पायऱ्या चढून रेंजसाठी पाणंदीच्या माथ्यावरच्या त्या दगडावर जाते. मी बोलत असतो तेव्हा मागे चारजण पाळी धरून उभे असतात. माझ्या कानाला फोन आणि त्यांचे कान माझ्या तोंडाला. तिथे उभं राहून बोलण्यासारखं हे नाही. हे म्हणजे काय ते येईलच. आधी इकडचं सांगतो.

कपिली व्याली. पाडी झाली, कपाळावर चांद आहे. आंबा यंदा जेमतेम, पण दारचा रायवळ लगडलाय आणि खायला घरात मी एकटा. शेजारची गोदूबाई दोन दिवसांआड येऊन आंबे नेते आणि रसाची साठं घालून परत आणून देते. सध्या अधिक महिना चालू आहे. आपल्या घरी जावई नाही म्हणून तिने अनारसे मलाच दिले आणि वर बोलली, ‘तुमीच खावा आता. तुमची पोरगी काय लगीन करायची नाय.’ तुझ्या आईची मैत्रीण ती, तिला बोलायचा हक्क आहे. अनारसे बरे झाले होते.

अधिक ज्येष्ठ आल्यामुळे आईचं वर्षश्राद्ध जुलैत गेलं, असं भटजी म्हणाले. तू येणार का, हे मी दगडावरून दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तू म्हणालीस, ‘बघते.’ लहानपणी शाळेत जायचं नसलं की तू असंच ‘बघते’ म्हणायचीस.

पत्राला कारण ओमकार. तुझ्या प्रयोगशाळेतला, तुझ्याबरोबर खांब उभा करायला आला होता आणि आईच्या हातची सोलकढी तीन पेले प्यायला तो. गेल्या रविवारी तुझा फोन झाल्यावर त्याचा आला. म्हणाला, ‘काका, तिला सांगू नका मी सांगितलं म्हणून. निशिगंधाने राजीनामा दिलाय. पंधरा जून शेवटचा दिवस. कुठल्या तरी ऑफिसात संगणक सांभाळायची नोकरी धरतेय.’ मी कारण विचारलं. तो म्हणाला, ‘ती म्हणते, ज्या वस्तूवर माझाच विश्वास उरला नाही ती मी दुसऱ्यांच्या वाड्यांत उभी करणार नाही.’ मग त्याने तुमच्या अहवालाचं सांगितलं. सततच्या दमट हवेत फळ्याचे घटक निकामी झाले, गेल्या वर्षी चौदा जून ते अठरा जून खालच्या वाडीत सिग्नल नव्हता, आणि खाली तुझी सही. त्या अहवालामुळे पुढच्या पाच वाड्यांचे फळेही रद्द झाले.

ते ऐकल्यापासून मला जेवण जात नाही.

तुम्ही फळा घेऊन आलात तो दिवस मी आठवत बसतो. गेल्या वर्षीचा जानेवारी. मिरजोळ्याच्या एमआयडीसीतून करून घेतलेला लोखंडी खांब गोदूबाईच्या मुलाच्या, गुरुप्रसादच्या टेम्पोतून वर कातळाच्या सड्यावर आला, आणि तिथून आम्ही सहाजणांनी तो खांद्यावर गोदूबाईच्या कलमांच्या बागेत उतरवला. मी मोठ्या तोऱ्यात होतो. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन. मुलीने बापाच्याच धंद्यात पाय टाकला आणि पहिलं काम आपल्या वाडीत काढलं, तोरा यायचाच. पण खांबावर चढवलेली वस्तू बघून हिरमुसलो. टेबलाएवढा पांढरा फळा, त्यावर लाद्यांसारखे चौकोन. ना तार, ना भोंगा. बाजूला सोलरची हातभर पाटी.

मी म्हणालो, ‘हे बोलणार कसं?’

तू म्हणालीस, ‘बाबा, हा बोलत नाही, वळवतो. टॉवर सड्यावर, आपण कड्याच्या कुशीत. टॉवरची लहर आपल्या डोक्यावरून सरळ समुद्राकडे निघून जाते. बागेतून टॉवरही दिसतो आणि वाडीही दिसते, म्हणून फळा बागेत. तो लहर घेतो आणि खाली वाडीत टाकतो. जागचा हलत नाही, त्याच्या अंगावरचे चौकोन ठरवतात कुठे टाकायची ते.’

मला पटेना. लाइन म्हटली की तिला एक टोक हवं, दुसरं टोक हवं, आणि मधे कुठे तुटली ते बोटाने दाखवता आलं पाहिजे. तुझी आई मात्र उठली, घासलेलं पितळी ताट घेऊन अंगणात गेली, ते उन्हात धरलं आणि गोठ्याच्या अंधारात कवडसा पाडला. ‘ह्ये असंच ना गो?’ कपिली बिचारी डोळे मिचकावायला लागली. तू आईला मिठी मारलीस आणि ओमकारला म्हणालीस, ‘सहा महिने मी लोकांना जे समजावतेय ते आईने एका ताटात दाखवलं.’ सगळे हसले. मी बाजूला पाना हातात घेऊन उभा होतो. मला ते थोडं लागलं होतं. आता सांगायला हरकत नाही.

मग साडेचार महिने घरात फोन लागला. आई रोज संध्याकाळी फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि तुझ्याशी बोलत भाकऱ्या थापायची. मधेच पीठ लागलेल्या बोटाने पडदा पुसायची आणि तू दिसेनाशी व्हायचीस. त्याआधी, तू शिकायला गेल्यापासून, दर रविवारी एकशे चाळीस पायऱ्या चढून ती दगडावर जायची. दम लागला की करवंदीच्या जाळीपाशी बसायची. तो दम वयाचा नव्हता, हे आपल्यापैकी कुणालाच कळलं नाही.

गुरं यायची वेळ झाली. उरलेलं उद्या लिहितो.

शनिवार, २३ मे

उद्या म्हणालो आणि काल लिहिलं नाही. माझ्या ‘उद्या’विषयी पुढे आहेच.

परवाचं वाचून पाहिलं. कपिली आली, अनारसे आले, पितळी ताट आलं. जे लिहायला बसलो होतो ते एका ओळीतही आलं नाही. पाकीट तसंच चिकटवून टाकावं असं क्षणभर वाटलं.

पण आज सकाळी गोदूबाईच्या अंगणातून येत होतो. ती झाप विणत बसली होती. पावसाच्या तोंडावर आपल्याकडे सगळं झाकतात, पडवी, लाकडं, विहिरीवरचा पंप, सगळं. तिच्यापुढे भिजवलेल्या झावळ्यांचा ढीग होता आणि पाती एकमेकींत गुंतवत तिचे हात चालले होते. मला बघून ते थांबले.

‘महिपतभाव,’ ती म्हणाली, ‘मी वरसभर कुनाला बोलले नाय. पन झाप तुमी माज्याकडनंच नेलेलात. पोरीला सांगा. नायतर मी सांगीन.’

तर सांगतो. फळा बिघडला नव्हता. फळा मी झाकला होता.

गेल्या वर्षी मे संपता संपता पाऊस कोसळला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात उघडीप पडली. त्या उघडिपीत मी गोदूबाईकडचे दोन झाप नेले आणि सुंभाने फळ्यावर बांधले, एक पुढून, एक मागून. जाताना तू बजावलं होतंस, ‘बाबा, त्याला पावसाने काही होत नाही, हात लावू नका.’ पण खाऱ्या हवेत पेट्यांचं काय होतं ते मी चौतीस वर्षं बघितलंय. झाकलेली पेटी टिकते, उघडी सडते. माझ्या हद्दीतली लाइन पावसात सगळ्यात कमी बंद पडायची, म्हणून खात्याने मला घड्याळ दिलं होतं. तू हात लावू नका म्हणालीस ते मी पोरीचं बोलणं म्हणून सोडून दिलं. सोलरची पाटी तेवढी उघडी ठेवली, कारण तिला ऊन लागतं एवढं मला कळत होतं. फळ्यालाही समोरची हवा मोकळी लागते, ती हवाच त्याची तार आहे, हे कळलं नाही. कळून घ्यायचं नव्हतं, असंही म्हण.

तुझ्या आईला कळलं होतं. मी सुंभ घेऊन निघालो तेव्हा ती पडवीत तांदूळ निवडत होती. म्हणाली, ‘अवो, कवडसा पाडायच्या आरशावर कोन गोनपाट टाकतो काय?’

मी म्हणालो, ‘तू तुझी ताटं घास. लाइनचं मला शिकवू नको.’

ती खाली बघून खडे काढत राहिली. वर्षभर मला तिचं बोलणं ऐकू येत नाही, माझं ते वाक्यच येतं.

त्या संध्याकाळी तुझा फोन आला, चांगला खणखणीत. झाप उन्हात वाळलेले होते, वाळल्या पात्यांतून लहर जात असावी. मी आईकडे बघून मिशीवर हात फिरवला. ती हसली. म्हणाली, ‘बरं झालं, तुमचंच खरं.’

चौदा तारखेला पाऊस लागला तो लागलाच. झाप भिजून जड झाले आणि वाडीतले फोन गेले. मी म्हणालो, टॉवर बंद असेल. दुसऱ्या दिवशी गोदूबाई दगडावरून भिजत आली आणि दारातून सांगून गेली, ‘वर रेंज हाय वो.’ म्हणजे टॉवर चालू होता. आई म्हणाली, ‘एकदा झाप काढून बगा.’ मी म्हणालो, उद्या. सोळा तारखेला परत म्हणाली. मी म्हणालो, उद्या. सतराला तिने विचारलंच नाही. झाप काढले आणि फोन लागला, तर तिचं ताट खरं ठरणार होतं. एवढंच कारण. निशी, मी वर्षभर शोधतोय, दुसरं कारण सापडत नाही.

अठराला सकाळी मी भाताच्या तरव्याच्या मळीत फुटलेला बांध धरायला गेलो. पावणेअकराला पेज प्यायला आलो तर ती उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसली होती. पदर घामाने भिजलेला, फोन हातात. ‘छातीवर कोनतरी बसलंय सारकं,’ म्हणाली. मी तिच्या हातातला फोन घेतला आणि बागेकडे धावलो. बाग दगडापेक्षा जवळ, आणि तिथे टॉवर दिसतो म्हणून रेंज असतेच. दवाखान्याच्या गाडीला फोन तिथून लागला. फळ्याच्या खालीच उभा होतो मी. पाऊस ओसरला होता, पण झापांतून पाणी टपकत होतं, माझ्या डोक्यावर, फोनवर. कमरेचा कोयता काढून सुंभ तोडला. झाप खाली आदळले.

आणि खाली वाडीत फोन वाजायला लागले. आधी गोदूबाईच्या घरातला, मग पलीकडचा, मग त्याच्या पलीकडचा. पाच दिवस अडकून पडलेले निरोप एकदम आत शिरले. मी वर उभा राहून ऐकत होतो. चौतीस वर्षांत लाइन जोडल्यावर घंटी वाजली की मला आनंदच झाला होता.

धावत घरी आलो. माझा फोन आत फडताळात होता, तोही वाजत होता. आईने तो ऐकला होता. मला बघून ती म्हणाली, ‘लागला वाटतं.’ तिच्या आवाजात राग नव्हता. त्याच्यानंतर ती बोलली नाही.

पुढचं तुला माहीत आहे. गुरुप्रसादने तिघांना गोळा केलं, तिला खुर्चीत बसवून पायऱ्या चढवल्या, गाडी सड्यावर उभीच होती. वाटेतच तिने मान टाकली. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, पाऊण तास आधी आली असती तर काही करता आलं असतं. हे मी तुला सांगितलं होतं. ‘पाऊण तास’ मात्र गाळला होता. ‘काही करता आलं नसतं’ असं सांगितलं होतं.

आता तो पाऊण तास सांगतो. आईचा फोन माझ्या ट्रंकेत आहे. तू मागितलास तेव्हा हरवला म्हणालो. त्यावर त्या दिवशी लावलेले पाच फोन आहेत, दहा वाजून पाच मिनिटांपासून दहा वीसपर्यंत. एक मला. माझा फोन घरातच आहे हे ती विसरली असेल. बाकीचे चार तुला. तेराव्याला तू विचारलं होतंस, ‘आईने मला एक फोन का नाही केला?’ केला होता, निशी. चारदा केला होता. तिचा फोन अंगणाच्या पुढे गेला नाही.

झाप मी तिसऱ्या दिवशी न्हाणीच्या चुलीत घातले. ओले होते, दोन दिवस धुमसत राहिले. तेराव्याला पंगत बसली तेव्हा तू माझ्या शेजारी होतीस. हळूच म्हणालीस, ‘बाबा, माझ्या फळ्यामुळे आई गेली.’ मी भात कालवत होतो. कालवत राहिलो. दुसऱ्या दिवशी ओमकारने फळा तपासला तर तो व्यवस्थित चालत होता. तू म्हणालीस, ऊन पडल्यावर सुकला असेल. आणि माझ्याकडे बघितलंस, कारण तुझ्या बापाला खाऱ्या हवेतलं कळतं. मी मान हलवली. तोंडाने खोटं बोललो नाही असं तेव्हा मनाशी म्हणालो होतो. मान हलवणं पुरलं. त्याच्यावर तू सही केलीस.

मी माफी मागत नाही. मागितली की तुला ‘असू दे, बाबा’ म्हणावं लागेल. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, तू म्हणशील. मला ते ऐकायचं नाही.

माझं मागणं वेगळं आहे. पंधरा जूनच्या आत अहवाल बदल. त्यात माझं पूर्ण नाव घाल, आणि लाइनमन होतो हेही घाल, कारण चूक लाइनमनचीच आहे. लिही की फळा पाचही दिवस नीट चालत होता आणि समोर ओले झाप होते. पाकिटात सुंभाचा तुकडा घातलाय. एका बाजूला कोयत्याची तोड आहे, दुसऱ्या बाजूला गाठ तशीच आहे. ती आमच्या खात्यातली गाठ, वाडीत दुसऱ्या कुणाला येत नाही. हा एवढाच मी जाळला नव्हता. का ठेवला ते विचारू नकोस. आईचा फोनही रजिस्टर पोस्टाने वेगळा पाठवतो.

त्या पाच वाड्यांना फळे मिळू देत. तिथेही कुणीतरी एकटं उंबऱ्यावर बसेल. आणि तुम्ही लोकांना जो सूचनांचा कागद देता त्यात एक ओळ वाढव: फळ्यावर झाप बांधू नयेत. तुला वाटेल हे काय सांगायचं. कोकणात सांगावं लागेल. आम्ही ज्याला जपतो त्याला आधी झाकतो.

राजीनाम्याचं तुझं तू ठरव. फक्त माझ्या चुकीवर ठरवू नकोस. तुझं काम तुझ्या आईला पहिल्या दिवशी कळलं होतं, आणि ज्याला ते तिच्यासारखं कळलं नाही त्याच्यामुळे तू ते सोडावंस हे तिला चाललं नसतं.

पत्र सोमवारी टाकतो, शुक्रवार-शनिवारपर्यंत तुला पोचेल. रविवारी पाच वाजता मी नेहमीसारखा दगडावर असेन. तू फोन केलास तर काय बोलायचं ते मी ठरवलेलं नाही. नाही केलास तर सहापर्यंत बसेन आणि पायऱ्या उतरून खाली येईन. पुढच्या रविवारी परत जाईन. पाळीतल्या लोकांना सांगून ठेवलंय, रविवारी पाच ते सहा दगड माझा. कुणी का म्हणून विचारलं नाही.

पितळी ताट मी रोज घासतो. त्यात जेवत नाही.

तुझ्या आईचं एकदाही न ऐकलेला,
तुझा बाबा,
महिपत गुणाजी पाष्टे
निवृत्त लाइनमन